सहा मिनिटांचा चेहरा

"कॅन्सल केलं म्हणजे?" नीलांबरीने विचारलं.

"म्हणजे कॅन्सल केलं. सकाळी उठून बघतो तर अजून तीन-चार तास दाखवत होतं. काल रात्रीपासून व्हिडिओ लहान करणं चालूच आहे यार ते. मला वाटलं, अडकलं."

"अडकलं नव्हतं. मी मुद्दाम स्लोवर लावलं होतं. अकराला संपलं असतं."

"अकराला संपलं असतं, मग अपलोड, आणि बाराला स्पर्धेचं पोर्टल बंद. इतकं टोकाला कशाला न्यायचं? मी फास्टवर लावलं, अर्ध्या तासात फाइल हातात. नाटक तेच, माणसं तीच." परीक्षितने बशीतल्या पोह्यांवर लिंबू पिळलं. त्याच्या कानाच्या पाळीला कालच्या नाटकाचा रंग अजून तसाच होता. "तू उठायची वाट बघत होतो. म्हटलं, तुला सांगूनच पाठवू."

"किती उपकार."

"नीलू, सकाळी सकाळी नको."

खुर्ची ओढून नीलांबरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसली. जेवणाच्या टेबलाला लागून असलेली ही जागा अमेरिकेत अल्फारेटाला घर घेतलं तेव्हा एजंटबाईने 'सकाळच्या चहासाठी' म्हणून दाखवली होती. चहा तिथे कुणी कधी घेतला नाही. तिने रात्री लावलेलं काम खरोखरच गेलं होतं. अर्धवट झालेली फाइलही उरली नव्हती. त्या जागी परीक्षितची फाइल होती आणि तिचं नाव होतं 'फायनल'.

शनिवारी संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या एकांकिकेचा प्रयोग झाला होता. शाळेचं ऑडिटोरियम मिळालं तेच मुळी मुदतीच्या आदल्या दिवशी. इथल्या मंडळांच्या स्पर्धेची पहिली फेरी व्हिडिओवर असते. कॅमेरा एक, मध्ये कुठेही कापाकापी नाही, फाइल ठरलेल्या आकाराच्या वर गेली की पोर्टल घेत नाही, आणि रविवारी दुपारी बारानंतर तर ते काहीच घेत नाही. परीक्षकांच्या हातात प्रयोग जातच नाही. जाते ती फाइल.

आणि नीलांबरीची नोकरी नेमकी हीच होती.

मिरजेची ही मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकून, लग्न करून, नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेल्या व्हिसावर अमेरिकेत आली. त्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. सहा वर्षं तिने पोळ्या लाटल्या, लेकीला, रुचाला वाढवलं, आणि नागपूरहून फोनवर सासूबाईंचं ऐकलं की नोकरीचं काय, मिळेल केव्हाही, परीक्षितचं एकदा बस्तान बसू दे. परीक्षितचं बस्तान बसलं. परवानगी आली तेव्हा नीलांबरीला एका लहानशा कंपनीत काम मिळालं. काम ऐकायला सोपं होतं. दोन पडद्यांवर एकच चित्र लावायचं आणि कुठलं जास्त बिघडलंय ते सांगायचं. व्हिडिओ लहान करून पाठवायचा तर त्यातलं काहीतरी टाकावंच लागतं. लवकर लहान केला तर टाकायचं काय आणि ठेवायचं काय हे बघायला यंत्राला सवड नसते. सावकाश केला तर असते. ऑफिसातल्या नव्या मुलींनी विचारलं की ती भारतात जायच्या बॅगेचं उदाहरण द्यायची. वजनाची मर्यादा सगळ्यांना तेवीसच किलो. कुणी घाईने कोंबतं आणि विमानतळावर लोणच्याची बरणी बाहेर काढून ठेवतं. कुणी बसून एकेका बुटात मोजे भरतं. बॅग तीच, पण काय पोचतं ते वेगळं.

बारा वर्षांत तिचा डोळा असा तयार झाला की घरात कुणी तिच्याबरोबर सिनेमा बघायला तयार नसे. चांगलं रडू यायच्या जागी ही म्हणायची, मागच्या भिंतीवर पट्टे पडलेत बघ.

"तुला नवऱ्यावरही पट्टे दिसतात," परीक्षित म्हणायचा, आणि अगदीच खोटं म्हणत नसे.

आता तिने फाइल सुरू केली ती सरळ शेवटून.

"सुरुवातीपासून बघ ना," परीक्षित मागून म्हणाला. "मी फोनवर अख्खी बघितली. एकदम क्लिअर आहे."

"फोनवर सगळंच क्लिअर दिसतं. परीक्षक फोनवर बघणार आहेत?"

"मोठ्या पडद्यावर लावणार म्हणाले."

"मग टीव्हीवर लावते. ये."

नाटक परीक्षितनेच लिहिलं होतं, बसवलं होतं, आणि मुख्य कामही त्याचंच होतं. वीस वर्षांपूर्वी घर सोडून गोसावी झालेला मुलगा पाहुणा म्हणून एका रात्रीपुरता घरी येतो. येतो तो धुरातून. त्या धुरासाठी हॅलोविनच्या सेलमध्ये घेतलेलं यंत्र कामी आलं होतं. मग चांगला अर्धा तास तो बोलतो, गाव बोलतं, शेजारी बोलतात. आई मात्र एक शब्द बोलत नाही. शेवटी सगळे निजतात आणि आई कंदिलाच्या उजेडात त्या पाहुण्याकडे बघत बसते. तिला हळूहळू ओळख पटते. ती त्याला उठवणार असं वाटतं. मग ती ठरवते की उठवायचं नाही. सहा मिनिटं. संवाद नाहीत, संगीत नाही. जे काही आहे ते चेहऱ्यावर.

आईचं काम परीक्षितच्या आईने केलं होतं. शोभनाताई लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं नागपूरच्या हौशी नाटकांत कामं करायच्या. त्यांच्या आवाजाची तिथे ख्याती होती. पुढे नवऱ्याच्या बदल्या, दोन मुलं, आणि नाटक सुटलं ते सुटलं. वैधव्यानंतर त्या मुलाकडे आल्या. इथे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसता श्वासासारखा एक आवाज उरला होता. जवळ बसलं तरच तो ऐकू यायचा. फोनवर बहिणीशी बोलणं त्यांनी बंद केलं. मंडळात त्या मागच्या रांगेत बसून हसत राहायच्या. परीक्षितने त्यांच्यासाठी बिनसंवादाची भूमिका लिहिली तेव्हा त्यांनी दोन दिवस होही म्हटलं नाही आणि नाहीही. तिसऱ्या दिवशी रुचाला घेऊन त्या जॉर्जेटची नव्हे, सुती नऊवारी कुठे मिळते ते शोधायला निघाल्या.

टीव्हीवर कंदील लागला.

सोफ्यावर रुचा पाय वर घेऊन बसली होती. तिने फोनवरून डोळे काढले आणि जरा वेळ बघत राहिली.

"व्हेअर इज आजी?"

"ती काय, कंदिलाशेजारी," परीक्षित म्हणाला.

"दॅट्स अ ब्लॉब, बाबा."

ते खरं होतं. कंदिलाची ज्योत दिसत होती, नऊवारीचा काठ दिसत होता. त्याच्यावर एक तपकिरी, गुळगुळीत डाग होता. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. अंधारात पायऱ्यापायऱ्यांचे ठोकळे पडले होते आणि ज्योत हलली की ते चेहऱ्यावरून सरकायचे. काल तिसऱ्या रांगेत बसून नीलांबरीने शोभनाताईंच्या खालच्या पापणीत हललेली एक बारीक शीर बघितली होती आणि तिच्या अंगावर काटा आला होता. ती शीर इथे नव्हती. पापणीही नव्हती. यंत्राला घाई होती. अंधारात फारसं काही नाही असं धरून त्याने सगळं एका रंगात सारवून टाकलं होतं.

परीक्षित टीव्हीच्या जवळ गेला, मग मागे आला.

"थोडं डार्क आहे खरं."

"डार्क नाहीये. काढून टाकलंय. तू काढून टाकलंयस."

"मी काय जाणूनबुजून केलं?"

"मला उठवायचं होतंस. बारा वर्षं मी हेच काम करते, आणि तू प्रोग्रेस बार बघून ठरवलंस की माझं अडकलं."

"चोवीस तास मी प्रोजेक्टच बघतो, नीलू. बार हलत नसला की मी काहीतरी करतो. तो माझा स्वभाव आहे."

"हलत होता. तुझ्या मानाने हळू हलत होता."

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे मनोहरकाका. सत्तरीच्या पुढचे, भूल देणारे निवृत्त डॉक्टर आणि यंदाचे समितीप्रमुख. परीक्षितने स्पीकर लावला.

"झालं का रे अपलोड? बाकी मंडळांचं कालच गेलं म्हणे."

"होतंय काका. जरा क्वालिटीचं बघतोय."

"अरे क्वालिटी कसली बघतोस. आम्ही कॅसेटी पोस्टाने पाठवायचो, त्यात अर्ध्या वेळा मुंग्याच दिसायच्या. बक्षिसं मिळायचीच की. नीलांबरी आहे का तिथे? अगं, पेशंट टेबलावर घेतल्यावर सुरीला धार नसते लावत बसायचं."

"काका, सुरी कुणाच्या हातात आहे त्यावर आहे ते," नीलांबरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"काही नाही काका, करतो," म्हणून परीक्षितने फोन ठेवला. मग घड्याळ बघितलं. साडेआठ होऊन गेले होते. "आता परत स्लोवर लावलंस तर?"

"अख्खं नाही होणार. संध्याकाळ होईल."

"तुझ्या ऑफिसच्या मशीनवर?"

"घरचं काम ऑफिसच्या मशीनवर लावायचं आणि उद्या एचआरपुढे उभं राहायचं. ते नको सांगूस."

"मग पाठवू या हेच. जे आहे ते आहे."

"तुकडे करता येतील," ती म्हणाली. हे ती मघापासून मनात मोजत होती. "चित्र कापायचं नाही, नियम मोडत नाही. नुसतं काम वाटून द्यायचं. एक भाग स्लोवर, बाकीचे तुझे फास्टचे तसेच, मग जोडायचे. सांधा दिसत नाही. पण वेळ एकाच भागापुरता आहे. आणि एकूण आकार ठरलेला आहे, म्हणजे जिथे जास्त द्यायचं ते दुसरीकडून काढून."

"कुठून काढून?"

नीलांबरीने नाटकाची सुरुवात लावली. पडदा उघडला आणि रंगमंच धुराने भरला. त्या धुरातून परीक्षित येत होता. प्रत्यक्षात टाळ्या पडल्या होत्या. फाइलमध्ये धूर जरा दाणेदार दिसत होता, पण माणूस ओळखू येत होता.

"फाइलमधली जागा धुराइतकी खाणारं दुसरं काही नाही," ती म्हणाली. "प्रत्येक कण हलतो. एकट्या या पाच मिनिटांनी आईंच्या वाट्याचं खाल्लंय. ते काढून घेतलं तर शेवट होईल नीट."

"आणि माझी एन्ट्री?"

"ठोकळे दिसतील."

"किती?"

"बरेच."

परीक्षित सोफ्याच्या हातावर टेकला. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही, आणि तेच जास्त वाईट झालं, कारण तो जे बोलला ते बरोबर होतं.

"ऐक. चाळीस-पन्नास एंट्र्या येतात. परीक्षक तीन. त्यातला एकही माणूस सगळं शेवटपर्यंत बघत नाही, मी मागच्या वर्षी स्पर्धेच्या समितीत होतो. पहिल्या पाच मिनिटांत ठरतं. सुरुवातच गचाळ दिसली तर बंद करून पुढचं लावतात. आईचा सीन शेवटी आहे. तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही, तर तो कितीही सुंदर असून काय उपयोग? जास्तीचं द्यायचं तर सुरुवातीला दे. स्लोवर लावायचं तर धूर लाव. मी स्वतःसाठी नाही म्हणत."

"थोडं स्वतःसाठी म्हणतोयस."

"थोडं म्हणतोय. पण चूक म्हणतोय का?"

तो चूक म्हणत नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. धूर सुधारला तर लोक दारापर्यंत येतील आणि आत बघण्यासारखं काही नसेल. चेहरा वाचवला तर तो कुणी बघायलाच येणार नाही. घड्याळ चालूच होतं. अर्ध्या तासात काहीतरी सुरू केलं नाही, तर निवडायलाही काही उरणार नव्हतं आणि 'फायनल' नावाची ती फाइलच जाणार होती.

"आजीला विचारा ना," रुचा म्हणाली. "इट्स हर फेस."

तेव्हा कुठे तिघांच्या लक्षात आलं की शोभनाताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. अंघोळ झालेली, केस ओले. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आवाज गेल्यापासून त्यांचं येणं कळतच नसे.

"आई, बस ना," परीक्षित म्हणाला. "काही नाही, टेक्निकल चाललंय."

शोभनाताई बसल्या नाहीत. त्यांनी टीव्हीकडे बोट केलं आणि मग ते बोट पुढे सरकवलं. शेवट दाखवा. नीलांबरीने परीक्षितकडे बघितलं. तो नको म्हणून मान हलवत होता. तिने शेवट लावला.

कंदील. काठ. तपकिरी डाग.

शोभनाताईंनी पूर्ण सहा मिनिटं उभ्यानेच बघितलं. पोह्यांची कढई गॅसवर तशीच होती, तिचा करपट वास यायला लागला, तरी कुणी उठलं नाही. संपल्यावर त्यांनी पदराने कानामागचं पाणी टिपलं.

नीलांबरीला पुढचं वाक्य पाठ होतं. माझं राहू द्या, त्याचं नीट करा. गेल्या सहा वर्षांत या घरात ते वाक्य खिरीच्या शेवटच्या वाटीपासून गाडीतल्या पुढच्या सीटपर्यंत सगळीकडे म्हणून झालं होतं. त्या आधी नागपुरात, मुलांच्या शिक्षणापुढे, बदल्यांपुढे तेच म्हणून झालं असणार. सासूबाईंचा तिला लळा होता असं नाही. नोकरीआधीच्या वर्षांतले नागपूरचे ते फोन ती विसरली नव्हती, विसरायची तिची इच्छाही नव्हती. पण ते वाक्य आज ऐकावं लागणार म्हणून तिच्या तळपायाची आग आधीच मस्तकात गेली होती. शोभनाताई ते म्हणाल्या असत्या, तर ते मान्य करायला परीक्षितला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

शोभनाताईंनी तिला जवळ बोलावलं. नीलांबरीने कान पुढे केला.

"काल मी अशी दिसत होते?"

"नाही आई."

"कशी दिसत होते?"

नीलांबरीला गोड बोलता येत नसे, आणि खोटं तर नाहीच. "तुम्ही ओळखलंत त्याला, त्याच्या आधी तुमच्या डाव्या डोळ्याखाली जरासं हललं. मग तुम्ही ओठ आत घेतलेत. मला वाटलं, आता हाक मारणार. मग तुम्ही कंदिलाची वात कमी केलीत. मी श्वास घेतला नव्हता तेव्हा."

शोभनाताईंनी पुन्हा टीव्हीकडे बघितलं.

"ते दिसेल? यात?"

"स्लोवर लावलं तर दिसेल. पण मग परीक्षितची सुरुवात खराब होईल. परीक्षक शेवटपर्यंत येतीलच असं नाही. तो म्हणतो ते खरं आहे. नंबर जाऊ शकतो."

"काय सांगतेयस तिला?" परीक्षित म्हणाला. "आई, तू टेन्शन नको घेऊस. पुढच्या वर्षी आपण उजेडात बसवू तुला."

शोभनाताईंनी त्याच्याकडे बघितलं. कंदिलाच्या उजेडात बघितलं होतं तसं नाही. साधं, सकाळचं. मग त्या पुन्हा नीलांबरीच्या कानाशी आल्या.

"एकानेच बघितलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण मला दिसायचंय."

"काय म्हणाली?" परीक्षितने विचारलं.

नीलांबरी कॉम्प्युटरकडे गेली. परीक्षित मागोमाग आला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"नीलू, काय म्हणाली ते सांग तरी. राहू द्या म्हणाली ना?"

नीलांबरीने नाटकाची मूळ फाइल उघडली, कंदील लागतो तिथे खूण केली, वात कमी होते त्याच्या जरा पुढे दुसरी. सगळ्यांत सावकाश चालणारी सेटिंग निवडली. मग धुराच्या भागात जाऊन आकाराचा आकडा खाली आणला, अजून खाली आणला. परीक्षितचं बोट पडद्याकडे आलं आणि अर्ध्यात थांबलं.

"वीस जणांनी दोन महिने तालमी केल्यात," तो म्हणाला. "त्यांना मी काय सांगू?"

"खरं सांग. रात्री लावलेलं तू बंद केलंस म्हणून."

"आणि काकांना?"

"त्यांनाही तेच."

परीक्षितच्या कानाची पाळी रंगाखालून लाल झाली होती. रुचा सोफ्यावरून उठली आणि तिने जाऊन गॅस बंद केला.

नीलांबरीने बटण दाबलं. पडद्यावर एक बारीक रेघ उमटली आणि जागीच थांबल्यासारखी दिसू लागली. ती खुर्ची फिरवून तिघांकडे वळली.

"आईंचा भाग स्लोवर लावलाय," ती म्हणाली. "धूर जसा जाईल तसा जाईल. बारापर्यंत या कॉम्प्युटरला कुणीही हात लावायचा नाही."